रिव्हर्सचं मधलं चाक

गाडीला उसाच्या चरकाचं चाक बसत नाही. जुन्या जीपचं बसतं, पण फिरत नाही.

चांदीचे डोळे सराफाकडे तयार मिळतात. जोडीनंच घ्यावे लागतात. एक डोळा कुणी देत नाही.

ढाब्यापुढं चौथरा बांधून झाला आहे. मधोमध कारंज्याचा पाइप वर आला आहे आणि त्याला तात्पुरतं गोणपाट गुंडाळलं आहे.

उतार बघून जागा घ्यावी, असं माझे सासरे म्हणायचे. हवा, पाणी, शेजार हे सगळं नंतर.

खंडेनवमीला पान्यालासुद्धा सुट्टी असते.

"नमुना आणा, वहिनी. मोडका असला तरी चालंल. पर नमुन्याबिगार मी आता लोखंडाला हात लावणार न्हाई," लेथवाला पांचाळ म्हणाला.

आणि मी ऑस्टिनच्या मागच्या सीटवर आडवी झाले आहे. सीट गाडीत नाही, शेडच्या फरशीवर आहे. पुढचं उचकटता उचकटता मी मागचंही उचकटलं. जेवण झालं आहे, वर पत्रा तापला आहे, गाडीखालून निघालेला गिअरबॉक्स माझ्या उशाशी आहे, झाकण उघडून, आ वासून.

झोप येण्याआधी एवढं सांगते, म्हणजे पुढं अडायला होणार नाही.

गाडी माझ्या सासऱ्यांची. आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांचं गिअर कापायचं दुकान होतं. पंपाचे, चरकाचे, मागाचे, कुणी काय घेऊन येईल त्याचे दाते ते कापून द्यायचे. मामंजी गेले, आणि गेल्या थंडीत सासूबाईही गेल्या. त्यांना मी आत्ती म्हणायची. आमच्या भागात सासूला तसंच म्हणतात.

या गाडीला रिव्हर्स नाही. माझं लग्न झालं तेव्हाही नव्हता. मामंजी गाडी कायम चढाला नाक करून लावायचे. निघताना ब्रेक सोडला की ती आपसूक मागे यायची. उतार नसला तर चार माणसं ढकलायची, आणि चार माणसं नसली तर मी आणि आत्ती. "आपली गाडी माघार घेत नसते," मामंजी आतून म्हणायचे. पाहुणे हसायचे. आम्ही ढकलत असायचो, त्यामुळे आम्हाला हसायला दम नसायचा.

आता पासिंग आलं आहे आणि तिथं गाडी मागे घेऊन दाखवावी लागते. नाही दाखवता आली तर रणधीर, म्हणजे माझा नवरा, ती हायवेवरच्या चौगल्यांना देणार. चौगले तिचं इंजिन काढणार, तिला ढाब्यापुढच्या चौथऱ्यावर बसवणार आणि बॉनेटमधून कारंजं उडवणार. रात्री त्याला रंगीत दिवे.

म्हणून मी गिअरबॉक्स उघडला. आत एक आखूड शाफ्ट रिकामा होता. रिव्हर्सला दोन चाकांच्या मध्ये तिसरं, छोटं चाक लागतं. ते मध्ये आलं की फिरण्याची दिशा उलटते, इतकी साधी गंमत आहे. ते चाक तिथं नव्हतं. मोडलेलं नव्हतं, झिजलेलं नव्हतं. नव्हतंच. शेजारची दोन चाकं मामंजींनी स्वतःच्या मापानं कापलेली, त्यामुळे कंपनीचं पुस्तक उपयोगाचं नाही. आणि ती आता इतकी झिजली आहेत की त्यांच्यावरून माप काढून पांचाळनं दोन चाकं कापली ती दोन्ही अडकली. तिसरं तो कापणार नाही.

हे सगळं समजतं. एवढंच समजत नाही की ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचे गिअर कापले, त्यानं स्वतःच्या गाडीचं एक मुठीएवढं चाक का कापलं नाही.

पत्र्यावर खार पळते. तिच्या पायांचा आवाज एका टोकाकडून येतो आणि दुसऱ्या टोकाला पोचत नाही. मी वाट बघते. तो मध्येच कुठंतरी

"काय गं वैजू, सीट जमिनीवर आंथरून झोपलीस? तुझ्या म्हायेरात अशीच पद्धत हाय व्हय?"

आत्ती गिअरबॉक्सपाशी बसल्या आहेत. मांडी घालून, पदर खोचून. त्या गेलेल्या आहेत हे मला माहीत आहे, पण तो विषय काढणं बरं दिसणार नाही. पाहुण्याला कधी निघणार असं विचारत नाहीत, तसंच ते.

"कधी आलात?" मी विचारते.

"आलो न्हवं आत्ताच." कोल्हापूरच्या बायका 'आले' म्हणत नाहीत. मेल्यावरही म्हणत नाहीत, हे मला नवीन आहे.

गिअरबॉक्समध्ये तांदूळ आहेत. आत्ती ते निवडतायत. खडा सापडला की माझ्या तळहातावर ठेवतात. प्रत्येक खडा म्हणजे बेअरिंगची गोळी, चकचकीत आणि गार.

"आत्ती, यात एक चाक होतं."

"किती घाण करून ठेवलीस गं. ऑइल, माती, आन् त्यात तांदूळ."

"तांदूळ तुम्हीच आणलेत."

"मी कशाला आणू? मी आता जेवतो व्हय?"

हे पटण्यासारखं आहे. त्या बोटांनी तांदूळ सारखे करतात आणि खाली शाफ्ट दिसतात, मोठा, त्याखालचा, आणि कडेला तो आखूड, रिकामा.

"हे बघा. इथं. इथलं चाक कुठं गेलं?"

"रोज भात खातीस, तुला तांदूळ निवडता येत न्हाईत. चाकं शोधतीय."

"मामंजींनी काढून ठेवलं होतं का?"

आत्ती वर बघत नाहीत. "दूध उतू चाललंय," त्या म्हणतात.

दूध खरंच उतू जातं आहे. मी गॅस बंद करते. ओट्यावर शिंक्याच्या जागी पट्टा लोंबतो आहे, चामड्याचा, रुंद, आणि तो हळूहळू फिरतो आहे. वर आढ्याला लांबच लांब शाफ्ट आहे. पट्ट्याच्या खाली लेथ. लेथला झेंडूची माळ. माझ्या हातातलं दुधाचं पातेलं कुठं ठेवावं ते मला कळत नाही, कारण सगळीकडे हत्यारं मांडली आहेत. पाटावर पाने, हातोडी, कॅलिपर, घासून लख्ख केलेले कटर. प्रत्येकाला हळदीकुंकवाची दोन बोटं. उदबत्ती ड्रिलच्या भोकात खोचली आहे. म्हणजे आज खंडेनवमी आहे आणि हे मामंजींचं दुकान आहे. माझं लग्न व्हायचं आहे. मला सासू नाही, नवरा नाही, या दुकानात मला कुणी ओळखत नाही.

आत्ती ओळखतात. पण त्या तरुण आहेत. माझ्या मुलीच्या वयाच्या. हातात हिरवा चुडा, केस ओले.

"हळू बोल," त्या म्हणतात. "ते भायेर हायेत. नारळ आणायला गेल्यात."

"मशिनं का चालू आहेत? आज हात लावायचा नसतो ना?"

"कुणी हात लावलाय? आपली आपण फिरत्यात. सणाचं फिरू दे की त्यांनाबी."

पाटाच्या मधोमध, पान्यांच्या आणि हातोडीच्या मध्ये, एक छोटं चाक आहे. नवं कापलेलं, तेल लावलेलं. दाते इतके धारदार की त्यांच्यावर उजेड थांबतो. मला ते बघताक्षणी कळतं. मी आयुष्यात पहिल्यांदा बघते आहे आणि मला त्याचा प्रत्येक दाता ओळखीचा आहे.

"हेच," मी म्हणते.

"हेच काय?"

"हे रिव्हर्सचं मधलं चाक. हे मला द्या. मला फक्त माप घ्यायचंय. पांचाळ म्हणतो, नमुना आण."

"पांचाळ कोण?"

"अजून जन्मायचा आहे."

"मग त्याला सांग, थांब म्हणावं."

मी हात पुढं करते. आत्ती माझ्या हातावर चापट मारतात. जोरात नाही. देवापुढचा पेढा उचलणाऱ्या पोराला मारतात तेवढीच.

"पूजेतलं हाय त्ये."

"आत्ती, ते गाडीत घालायचं आहे. उद्या मामंजी शोधतील."

"शोधू दे." त्या वाकून चाकाकडं बघतात. बराच वेळ बघतात. मग माझ्याकडं न बघता बोलतात, चहात साखर किती विचारावी तितक्या साध्या आवाजात. "माझी दोन पोरं पोटातच गेली, ठाऊक हाय न्हवं तुला?"

मला ठाऊक नाही. कुणी सांगितलं नव्हतं. मी ठाऊक असल्यासारखी मान हलवते.

"सगळे द्येव करून झाले. ज्येनं त्येनं आपापला द्येव सांगितला. ह्यो कडक, त्यो कडक. मी सगळ्यांना गेलो. पायात चप्पल न्हाई, पोटात अन्न न्हाई. शेवटी कट्टाळा आला गं. नावाचाच कट्टाळा आला. म्हटलं, आता नाव असलेला नको." त्या चाकावर बोट ठेवतात. "ह्ये नवं कोरं. ह्येला नाव न्हाई, गाव न्हाई, कुणी काय मागितलं न्हाई अजून. रिकामंच हाय बिचारं. म्हटलं, तू दे."

"चाकाला?"

"तर काय हातोडीला मागू?"

आम्ही दोघी हसतो. लेथवरची माळ हलते. बाहेर कुणीतरी नारळ फोडतं, आणि तो आवाज फार उशिरा, अगदी माझ्या कानापाशी येतो.

"आणि मग तुम्ही ते चोरलंत."

"द्येवाला चोरत न्हाईत. नेत्यात." आत्तींनी चाक पदराच्या टोकात बांधलेलं आहे. कधी बांधलं ते मी बघितलं नाही. पदर जड होऊन खाली ओढला गेला आहे. "दुसऱ्या म्हैन्यात दिवस गेले. आता सांग, परत कुठल्या तोंडानं करू? दिलेलं त्यानं परत मागितलं तर?"

रणधीर. माझा नवरा. पन्नाशीचा, दोन्ही गुडघे दुखणारा, ढाब्यावर कारंजं बसवायला निघालेला. मी आत्तींच्या पदराच्या गाठीकडं बघते आणि मला त्याची काळजी वाटते, अजून न झालेल्या त्याची.

"मामंजींनी विचारलं नाही?"

"इचारलं. एकदा. 'हितलं चाक बघितलंस का गं?' मी म्हटलं, न्हाई. झालं."

"आणि दुसरं का नाही कापलं त्यांनी? अर्ध्या दिवसाचं काम. दुकान स्वतःचं, मशिन स्वतःचं."

"त्येच तर."

"काय तेच तर?"

"अगं, गाडी बघ की, कुठं घालतीस! झाडाला घालतीस काय?"

मी ब्रेक दाबते. ऑस्टिन रंकाळ्याच्या कडेनं चालली आहे, उलटी. मी मान वळवून मागच्या काचेतून रस्ता बघते आहे. आत्ती माझ्या शेजारी आहेत, त्या मात्र सरळ पुढं बघतायत, जिथून आपण आलो तिकडं. सगळी माणसं आमच्याकडं तोंड करून लांब जातायत. एक भेळवाला हात करतो. त्याची गाडी लहान होत जाते. गिअरबॉक्समधून आवाज येतो, बारीक, वाढत जाणारा, कुणी दातांतून शीळ घालावी तसा. रिव्हर्सचा आवाज. हा आवाज मी या गाडीत कधी ऐकलेला नाही.

"चालतोय," मी म्हणते. "आत्ती, चालतोय!"

"चालायला काय झालं. मोडला कुठं हुता?"

"सांगा ना. दुसरं का नाही कापलं?"

"मला काय ठाऊक. मी वाटच बघत हुतो." त्या खिडकीची काच खाली करतात. आत पाण्याचा वास येतो, आणि उदबत्तीचा. "रोज सांजच्याला येतील आन् म्हणतील, कापलं बरं का दुसरं. बसवलं. आन् मग माझा द्येव काय ऱ्हायला? नुसतं लोखंड. एक गाडीत फिरतंय आन् दुसरं ताटात बसलंय, दोन्ही सारखीच. मग माझं पोर कुणी दिलं?" त्या पदराची गाठ चाचपतात. "न्हाई आले सांगायला. एक दिवस न्हाई, दुसऱ्या दिवशी न्हाई. वर्स गेली. गाडी ढकलायला लावायचे, मी ढकलायचो. मनात म्हणायचो, ढकलतो बाबा, जन्मभर ढकलतो, पर तू कापू नगंस."

"त्यांना माहीत नव्हतं?"

"कसं असंल? पुरुषमाणूस. देवघरात कधी वाकून बघतंय व्हय?"

रस्ता संपतो. पुढं, म्हणजे मागं, देवघर आहे. मी गाडी हळू हळू त्यात घेते. ती बसते. कडेच्या समईला आरसा घासतो, बाकी काही नाही. आम्ही दोघी पाटावर बसलेल्या आहोत आणि आमच्यासमोर तबकात देव आहेत.

सगळे मला माहीत आहेत. आत्ती गेल्यापासून त्यांना मीच आंघोळ घालते. श्रद्धा आहे असं म्हणवत नाही, पण सकाळी हात तिकडं जातात. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, टाक. आणि कडेला तो, मुठीएवढा, गोल, शेंदरी, चांदीचे डोळे लावलेला. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. नवी नवरी असताना मी विचारलं होतं, "हा कोणता?" आत्ती म्हणाल्या होत्या, "ह्यो आमचा." मी पुढं विचारलं नाही. घरात शेंदूर लागायचा तो त्याला एकट्यालाच, आणि तेलात कालवलेल्या शेंदराचे थरावर थर चढून तो दर वर्षी थोडा जाडा होत गेला. आम्ही म्हणायचो, देवाला घरचं जेवण मानवलंय.

उचलला की तो फार जड लागतो. एवढ्याशा दगडाला इतकं वजन कसं, असं रोज वाटतं आणि रोज राहून जातं.

"आत्ती."

"त्यो बघतोय तुझ्याकडं."

खरंच बघतोय. डोळे नेहमीचेच आहेत, फक्त त्यातला एक जरासा सरकला आहे आणि त्याखाली शेंदराला चीर गेली आहे. चिरेतून काळसर कड दिसते. एक दाता. त्याच्या शेजारी दुसरा.

"मी याला खरवडू का?" माझा आवाज लहान होतो. "नको असेल तर नाही करणार. गाडी जाऊ दे चौगल्यांकडं. कारंजं तर कारंजं."

"आन् त्यात बसून काय बघू मी? लोकं मिसळ खात्यात त्ये?"

"मग?"

आत्ती त्याला उचलतात. दोन्ही हातांनी, जावळ काढलेल्या पोराचं डोकं धरावं तसं. कानाशी नेऊन हलवतात. आत काही वाजत नाही.

"रणधीरला आता काय व्हतंय," त्या म्हणतात. "गुडघं सोडलं तर बैल हाय नुसता. ह्येनं दिलं, मी वाढवलं, तू सांभाळलंस. झालं की. आता ह्येला किती दिवस बसवायचा? फिरायसाठी केल्याला जीव, बसून बसून गेला. माझ्यापायी."

"पांचाळकडं नमुना म्हणून नेते. तो दुसरं कापेल. याला परत आणून बसवते."

"परत बसवतीस?" त्या माझ्याकडं अशा बघतात, जणू मी पोळी जाळली आहे. "पन्नास वर्सांनी कामावर निघालाय, त्याला दारातनं माघारी बोलावतीस? घाल गाडीत. त्येलाच घाल."

"गिअरबॉक्समध्ये? ऑइलमध्ये?"

"शेंदूर तेलातच कालवत्यात न्हवं?"

मी त्याच्या शेंदरावर बोट फिरवते. बोट तेलकट होतं.

"आन् घालताना पयलं मोज. दाते मोज. तुझं मोजताना चुकतंय. लग्नात अक्षता वाटताना बी चुकली हुतीस."

"अक्षता कुणी मोजतं का?"

"हात कर."

मी हात करते. आत्ती तो माझ्या तळहातावर ठेवतात, आडवा, आणि माझी बोटं मिटवतात. वरून स्वतःचा हात दाबतात. त्यांचा हात गरम आहे. हे चुकीचं आहे, असं मला वाटतं, तो गार असायला हवा. शेंदूर ढिला होतो आहे. भिजलेल्या चपलेचा तळ सुटावा तसा तो एकाच कवचात सुटतो आणि आतून लोखंड पुढं येतं. दाते कातडीत रुततात. दुखतं.

"आणखी दाब," आत्ती म्हणतात.

"दुखतंय."

"मला बी दुखलं हुतं. एवढ्यानं मरत न्हाई कुणी." मग त्यांना स्वतःलाच हसू येतं. "बघ, कुणाला सांगतोय."

मी मोजायला लागते. अंगठ्यापासून. एक, दोन. त्या माझ्याबरोबर ओठ हलवतात. आवाज माझा एकटीचाच येतो. कुठंतरी पत्र्यावर खार आता उरलेला अर्धा पत्रा पळून जाते, आणि आत्ती उठतात, गुडघ्यावर हात ठेवून, नेहमीसारख्या, "चला, ह्यांचा चहा ऱ्हायला," म्हणत, आणि मी म्हणते, थांबा, माझं अजून

पत्रा. ऑइलचा वास. गाल सीटच्या रेक्झिनला चिकटलेला.

मी उठून बसते. शेडमध्ये कुणी नाही. गिअरबॉक्समध्ये तांदूळ नाहीत. आखूड शाफ्ट रिकामा आहे. डावी मूठ आवळलेली आहे आणि उघडत नाही. मी उजव्या हातानं एकेक बोट सोडवते.

आत काही नाही.

पण तळव्यावर खळगे आहेत. गोलात, सारख्या अंतरानं, लालसर, खोल. माझ्या नखांचे नाहीत. नखं इतकी नियमित नसतात, आणि मी ती कापलेली आहेत. मी हात उजेडात धरते. पहिले खळगे भरून यायला लागले आहेत. झोपेत उशीचा वळ उठतो तसेच हेही जाणार. मी गाडीवर खुणा करायचा पिवळा खडू शोधते, सापडत नाही, रणधीरच्या खिशातून पडलेलं बॉलपेन सापडतं. अंगठ्यापासून सुरुवात करून प्रत्येक खळग्यात एक ठिपका द्यायला लागते.

दारात सावली येते. रणधीर फोन छातीशी धरून उभा आहे.

"चौगले आहेत. क्रेन कधी पाठवू म्हणतात."

"पाठवू नका म्हणावं."

"अगं, पण पासिंग..."

"गाडी मागे जाईल. त्यांना सांगा, कारंज्यासाठी दुसरं काहीतरी बघा."

तो जवळ येतो, वाकतो. गुडघा कट्‌कन वाजतो. "हातावर काय करतीयस हे?"

"मोजतीय. मध्ये बोलू नका."

तो फोनवर काहीतरी पुटपुटतो आणि मग, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू, माझ्या शेजारी बसून माझ्याबरोबर ठिपके मोजायला लागतो.

शेंदराची पुडी दर खंडेनवमीला मामंजी स्वतः आणायचे आणि कुणाला न सांगता देवघरात ठेवायचे.